जॉन गुडरिक : एक कर्णबधिर ज्योतिर्विद

हिवाळ्यातील निरभ्र रात्री उत्तरेकडील आकाशात दृष्टी टाकली, म्हणजे महाभारतातील एक संपूर्ण परिवार तेथे एकत्र नांदत असलेला दिसतो. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि तिचा पिता वृषपर्वा अशी नावे तेथील तारकासमूहांना आपल्याकडे देण्यात आली आहेत. यांपैकी ययातीच्या समूहात अल्गोल नावाचा एक तारा आहे. एरव्ही तो जवळजवळ ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी दिसतो; परंतु एखाद्या रात्री पाहता पाहता त्याचे तेज ओसरू लागते, आणि काही तासांनी तो पुन्हा पूर्ववत झळकू लागतो. हा त्याचा क्रम इतका नियमित आहे, की पुढच्या वर्षी तो कोणत्या रात्री व किती वाजता मंद होईल हे आज गणित करून सांगता येते. हे नियमित वेळापत्रक प्रथम विद्वानांपुढे मांडणारा मनुष्य अवघ्या अठरा वर्षांचा होता. तो कोणत्याही वेधशाळेत नोकरीस नव्हता. त्याच्यापाशी मोठी यंत्रे नव्हती. आणि लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हते. त्याचे नाव जॉन गुडरिक.

जॉनचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगन या शहरी झाला. त्याचे वडील हेन्री गुडरिक हे इंग्रज होते व त्या वेळी परदेशात सरकारी कामगिरीवर होते. आई त्याच बाजूच्या प्रदेशातील एका व्यापाऱ्याची कन्या होती. गुडरिक घराणे मूळचे इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर परगण्यातले. जॉनचे आजोबा सर जॉन गुडरिक हे तेथील सरदार होते. घरात संपत्ती होती, मानमरातब होता. परंतु जॉनच्या वाट्याला बाळपणीच एक मोठे संकट आले. एका कठीण दुखण्यातून त्याचा जीव वाचला, पण त्याची श्रवणशक्ती कायमची गेली. आईची हाक, रस्त्यावरील गाड्यांचा खडखडाट, देवळातील घंटानाद हे सारे त्याच्या जगातून नाहीसे झाले.

लहानपणी बहिरेपण आले, तर त्याचा परिणाम केवळ कानांपुरता राहत नाही. मूल भाषा शिकते ती ऐकून. ऐकू येणे थांबले, की बोलणेही हळूहळू मावळू लागते, आणि भाषाच नसेल तर शिक्षणाचे दार उघडणार कसे? त्या काळी अशा मुलांना बुद्धीच नसते असा सर्रास समज होता. कायद्याच्या व्यवहारातही त्यांना पुष्कळदा अज्ञान बालकाप्रमाणे वागविले जाई. जॉनचे आईवडील मात्र या समजुतीला बळी पडले नाहीत. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी टॉमस ब्रेडवुड नावाच्या शिक्षकांनी १७६० साली कर्णबधिर मुलांसाठी एक शाळा काढली होती. ब्रिटनमधील अशा प्रकारची ती पहिलीच शाळा होय. जॉन सुमारे आठ वर्षांचा झाला, तेव्हा त्याला या शाळेत पाठविण्यात आले.

ब्रेडवुड यांच्या शाळेत मुलांना समोरच्या माणसाच्या ओठांची हालचाल पाहून शब्द ओळखण्यास शिकवीत. हातांच्या खुणा, वाचन आणि लेखन यांचाही आधार घेण्यात येई. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसताना शब्द उच्चारणे किती कष्टाचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कानांचे काम डोळ्यांवर सोपवायचे, समोरच्याच्या चेहऱ्यावरील बारीकसारीक फरक टिपायचे आणि त्यांतून अर्थ जुळवायचा, असा हा अभ्यास होता. पुढे जॉनने आकाशात जे काम केले, त्यालाही अशीच सावध दृष्टी लागणार होती.

१७७८ साली तो वॉरिंग्टन येथील अकादमीत दाखल झाला. ही शाळा कर्णबधिर मुलांची नव्हती. येथे सर्व विद्यार्थी ऐकू येणारे, आणि शिकविणेही त्यांच्याच रीतीचे. तथापि जॉनने येथे आपली जागा मिळविली. गणितात तर त्याने विशेष प्रावीण्य संपादन केले. आकड्यांच्या जगात त्याला कोणाच्या कानांची उसनवार करावी लागत नव्हती. कागदावर मांडलेले गणित ऐकू येणाऱ्याला जेवढे स्पष्ट, तेवढेच त्यालाही स्पष्ट होते. तीन वर्षे तेथे राहून १७८१ साली तो यॉर्क शहरी आईवडिलांकडे परतला. त्या वेळी त्याला सतरावे वर्ष लागले होते.

गुडरिक कुटुंब यॉर्क येथील ट्रेझरर्स हाउस नावाच्या जुन्या वाड्याच्या एका भागात राहत होते. यॉर्कचे भव्य प्रार्थनामंदिर या वाड्याला लागूनच आहे. शहराच्या बूटम नावाच्या भागात नॅथॅनियल पिगट नावाचे ज्योतिर्विद राहत असत. त्यांनी आपल्या घराजवळ स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली होती, आणि त्यांचा मुलगा एडवर्ड हाही त्याच छंदात बुडालेला होता. एडवर्ड पिगट जॉनपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. त्याच वर्षी, म्हणजे मार्च १७८१ मध्ये, विल्यम हर्शेल नावाच्या एका संगीतशिक्षकाने घरी तयार केलेल्या दुर्बिणीतून युरेनस हा नवा ग्रह शोधून काढला होता. ज्योतिष हा ज्याचा व्यवसाय नाही, असा मनुष्यही आकाशात काही नवे पाहू शकतो, हे त्या घटनेने सर्वांना दाखवून दिले होते. एडवर्डच्या सहवासात जॉनलाही आकाशाची ओढ लागली. १६ नोव्हेंबर १७८१ रोजी त्याने आपली निरीक्षणवही लिहिण्यास प्रारंभ केला.

अशा रीतीने यॉर्कमध्ये या दोघांची एक चिमुकली मंडळीच स्थापन झाली. तिला ना नाव होते, ना नियम, ना वर्गणी. दोघेही हौशी होते. या कामाबद्दल त्यांना कोणी पैसा देत नव्हते. परस्परांशी विचारविनिमय करण्याचे त्यांचे मुख्य साधन लेखणी हे होते. आकाशदर्शन अंधारात करावयाचे असते, आणि अंधारात ओठांची हालचाल दिसत नाही, चिठ्ठीही वाचता येत नाही. म्हणून बहुधा प्रत्येकाने आपापल्या घरून निरीक्षण करावे, आणि मग काय दिसले ते एकमेकांस लिहून कळवावे, असा क्रम पडला. यात एक मोठा लाभ होता. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितले म्हणून दुसऱ्यालाही तसेच दिसले, असे होण्याचा संभव राहिला नाही. दोन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी जुळली, तर ती अधिक विश्वसनीय ठरते.

ताऱ्याचे तेज मोजण्याचे यंत्र त्या काळी नव्हते. मग जॉन ते मोजत असे कसे? त्याची रीत सोपी होती. ज्या ताऱ्याचा अभ्यास करावयाचा, त्याच्या आसपासचे काही तारे तो निवडून ठेवी. एक तारा त्याहून किंचित तेजस्वी, दुसरा किंचित मंद, तिसरा आणखी मंद, अशी ती उतरंड असे. रोज रात्री तो आपल्या ताऱ्याची या शेजाऱ्यांशी तुलना करी आणि आज तो कोणाच्या वर व कोणाच्या खाली बसतो, हे वेळेसह वहीत नोंदवी. हवा स्वच्छ होती की धूसर, चंद्रप्रकाश किती होता, हेही लिहून ठेवी. शेजारचे तारे स्थिर असल्यामुळे आपला तारा बदलला, तर तो बदल चटकन ध्यानात येई. या कामी दुर्बीणही लागत नसे. बहुतेक निरीक्षणे नुसत्या डोळ्यांनीच होत.

ज्यांचे तेज बदलते अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्या काळी असे तारे अगदी थोडे ठाऊक होते. त्यांपैकी तिमिंगल समूहातील मीरा हा तारा प्रसिद्ध होता. पण त्याचा एक फेरा पुरा होण्यास सुमारे अकरा महिने लागतात. तेज बदलत असावे अशी शंका असलेल्या ताऱ्यांकडे एडवर्डचे विशेष लक्ष होते, आणि त्यांत अल्गोलही होता. इटलीतील जेमिनियानो मोंतानारी या ज्योतिर्विदाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी अल्गोलचे तेज कमी झालेले पाहिले होते. परंतु ते केव्हा व कशामुळे कमी होते, याचा छडा कोणी लावला नव्हता. नोंद झाली आणि विस्मृतीत गेली, अशी तिची स्थिती होती.

१२ नोव्हेंबर १७८२ ची रात्र उजाडली. जॉनने नित्याप्रमाणे आकाशाकडे दृष्टी लावली आणि तो थबकला. ज्योतिर्विद ताऱ्यांची त्यांच्या तेजानुसार प्रतवारी करतात. पहिल्या प्रतीचे तारे सर्वांत तेजस्वी, आणि सहाव्या प्रतीचे तारे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे. अल्गोल हा दुसऱ्या प्रतीचा तारा. पण त्या रात्री तो चौथ्या प्रतीइतका निस्तेज दिसत होता! आपल्या डोळ्यांनाच काही विकार झाला असावा, की हवेचा दोष असावा, की हा नुसता भास आहे, अशा शंका त्याच्या मनात आल्या. या शंका त्याने लपविल्या नाहीत. वहीत जशाच्या तशा लिहून ठेवल्या. पुढे पाहतो तो अल्गोल पुन्हा पहिल्यासारखा तेजस्वी! जॉनने ही हकीगत एडवर्डला कळविली आणि दोघांनीही त्या ताऱ्यावर पाळत ठेवण्याचे ठरविले.

यानंतर जॉनच्या धीराची खरी कसोटी लागली. एकदा दिसलेली गोष्ट पुन्हा दिसेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. यॉर्कचा हिवाळा कडाक्याचा असतो. आभाळ कित्येक रात्री ढगांनी भरलेले राहते. शिवाय अल्गोलची मंद होण्याची वेळ पुष्कळदा भर दिवसा येई, आणि दिवसा तारे दिसत नाहीत. नोव्हेंबर संपला, डिसेंबरही संपत आला, तरी वहीत अल्गोलच्या नावापुढे तेच नेहमीचे तेज नोंदले जात होते. सामान्य मनुष्याने कंटाळून नाद सोडला असता. जॉनने मात्र आकाश मोकळे असेल त्या रात्री आपली फेरी चुकविली नाही. अखेर २८ डिसेंबर १७८२ रोजी संध्याकाळी, नुकताच काळोख पडतो न पडतो तोच, अल्गोल त्याला पुन्हा मंद झालेला दिसला, आणि त्याच रात्री पुढे काही तासांत त्याचे तेज वाढत वाढत पूर्ववत झालेले त्याने पाहिले. आता शंकेला जागा उरली नाही. दोष डोळ्यांचा नव्हता, हवेचाही नव्हता. तारा खरोखरच बदलत होता.

पुढील वसंत ऋतूपर्यंत जॉनने असे अनेक प्रसंग टिपले. ते दर तिसऱ्या दिवशी, परंतु प्रत्येक वेळी सुमारे तीन तास आधी, घडत आहेत असे त्याच्या ध्यानात आले. यावरून एका फेऱ्याचा काळ तीन दिवसांहून थोडा कमी असला पाहिजे. पण तो नेमका किती? येथे त्याचे गणित कामास आले. तारा अत्यंत मंद केव्हा झाला, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविताना अर्ध्या तासाची चूक सहज होऊ शकते. दोन लागोपाठच्या प्रसंगांमधील अंतर मोजले, तर ती सबंध चूक त्या एकाच फेऱ्याच्या माथी बसते. परंतु १२ नोव्हेंबर आणि २८ डिसेंबर या दोन प्रसंगांमधील अंतर घ्या. ते ४६ दिवसांना सुमारे ३ तास कमी इतके आहे, आणि तेवढ्या अवधीत अल्गोलचे १६ फेरे होतात. या अंतराला १६ ने भागले, की अर्ध्या तासाची चूकही १६ भागांत वाटली जाते आणि एका फेऱ्याच्या वाट्याला दोन मिनिटेसुद्धा येत नाहीत. जितके अधिक फेरे, तितके उत्तर अधिक अचूक. या युक्तीने जॉनने अल्गोलचा काळ २ दिवस, २० तास व ४५ मिनिटे असल्याचे काढले. पुढील वर्षी अधिक निरीक्षणे हाती आल्यावर त्याने स्वतःच आपले उत्तर सुधारले आणि ४५ च्या ठिकाणी ४९ मिनिटे धरली. आजच्या सूक्ष्म यंत्रांनी मोजलेला काळ याहून केवळ काही सेकंदांनी वेगळा आहे.

तारा मंद का होतो, हा पुढचा प्रश्न. या प्रश्नाचा जॉन आणि एडवर्ड यांनी मिळून पुष्कळ विचार केला. चंद्र सूर्याच्या आड आला, की सूर्यग्रहण होते. त्याचप्रमाणे अल्गोलभोवती एखादा मोठा, अंधारा गोल फिरत असावा, आणि तो दर फेऱ्यात आपल्या व ताऱ्याच्या मध्ये येत असल्यामुळे ताऱ्याचा काही प्रकाश अडत असावा, असे त्यांना वाटले. दुसरी एक शक्यताही जॉनने मांडली. ताऱ्याच्या एका बाजूवर मोठे डाग असावेत आणि तारा स्वतःभोवती फिरताना ती बाजू ठराविक काळाने आपल्याकडे येत असावी. यांपैकी एकच खरी असे त्याने ठासून सांगितले नाही. पुरावा जेवढा होता, तेवढेच त्याने म्हटले.

ही सर्व माहिती जॉनने केंब्रिज येथील प्राध्यापक अँथनी शेफर्ड यांना पत्राने कळविली, आणि ते पत्र १५ मे १७८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आले. रॉयल सोसायटी ही इंग्लंडमधील विज्ञानवेत्त्यांची सर्वांत मान्यताप्राप्त संस्था. अठरा वर्षांच्या एका अप्रसिद्ध मुलाच्या पत्राने तेथे मोठी खळबळ उडविली. हर्शेलसारख्या निष्णात निरीक्षकानेही अल्गोलकडे आपली दुर्बीण वळविली. विशेष म्हणजे त्याच वर्षी जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळच्या एका खेड्यात योहान पालिच या शेतकऱ्यानेही, गुडरिकचे नाव ठाऊक नसताना, अल्गोलचा काळ शोधून काढला. शेतात नांगर धरणाऱ्या हाताने आणि कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलाने एकाच ताऱ्याचे एकच गुपित स्वतंत्रपणे उकलावे, हा योग अपूर्व खरा! रॉयल सोसायटीने १७८३ सालचे कोप्ली पदक देऊन जॉनचा गौरव केला. त्या काळी विज्ञानातील याहून मोठा मान इंग्लंडमध्ये नव्हता.

मान मिळाला म्हणून जॉन स्वस्थ बसला नाही. १७८४ साली त्याचे वडील निवर्तले. तरीही त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्याचे काम ऐन भरात आले. १० सप्टेंबर १७८४ ची रात्र तर या दोन मित्रांच्या आयुष्यात संस्मरणीय ठरली. त्या रात्री एडवर्डला गरुड समूहातील एक तारा बदलत असल्याचे आढळले, आणि त्याच रात्री जॉनला स्वरमंडळ समूहातील एका ताऱ्याचे तेज बदललेले दिसले. स्वरमंडळातील या ताऱ्याचा काळ जॉनने आधी सुमारे साडेसहा दिवस धरला होता. पण अधिक बारकाईने पाहता एका फेऱ्यात तो दोनदा मंद होतो, एकदा जास्त व एकदा कमी, असे त्याला दिसून आले. तेव्हा आपले पहिले उत्तर बाजूस सारून त्याने १२ दिवस व १९ तास असा नवा काळ प्रसिद्ध केला. आपलेच म्हणणे पुन्हा तपासून पाहण्याची आणि ते चुकीचे ठरल्यास मोकळेपणाने बदलण्याची त्याची तयारी असे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने वृषपर्वा समूहातील चौथ्या क्रमांकाचा तारा, ज्याला ज्योतिर्विद डेल्टा सेफी म्हणतात, तोही बदलतो असे पाहिले. हा तारा अल्गोलहून वेगळ्या स्वभावाचा होता. अल्गोल बहुतेक सर्व काळ आपले तेज टिकवून धरतो आणि थोडा वेळच मंद होतो. डेल्टा सेफी मात्र क्षणभरही एका पायरीवर थांबत नाही. तो झपाट्याने उजळतो आणि सावकाश मंदावतो. जॉनने हा भेद ओळखला आणि त्याचा काळ ५ दिवस, ८ तास व साडेसदतीस मिनिटे असा ठरविला. आजच्या मोजणीत व त्याच्या उत्तरात दहाच मिनिटांचा फरक आहे.

१६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने जॉन गुडरिक याची आपल्या सभासदत्वासाठी निवड केली. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिल रोजी, त्याने इहलोकाचा निरोप घेतला. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षे आणि सात महिने इतकेच होते. यॉर्कशायरमधील हन्सिंगोर या गावी त्याच्या घराण्याच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली. निरीक्षणवहीच्या पहिल्या पानापासून त्याच्या अखेरीपर्यंत पुरती साडेचार वर्षेसुद्धा झाली नव्हती.

परंतु त्याने लावलेली रोपे पुढे वाढतच गेली. १८८९ साली जर्मनीतील पोट्सडॅम येथे हेर्मान फोगेल या ज्योतिर्विदाने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यावरून तो तारा एकदा आपल्याकडे व एकदा आपल्यापासून दूर असा हेलकावत आहे, म्हणजेच त्याला खरोखरच एक जोडीदार आहे, असे सिद्ध झाले. तो जोडीदार अगदी अंधारा गोल नसून एक मंद तारा आहे, हे पुढे कळले. जॉनने सुचविलेली ग्रहणाची कल्पना शंभराहून अधिक वर्षांनी अशी खरी ठरली. डेल्टा सेफीच्या बाबतीत मात्र उत्तर वेगळे निघाले. तेथे ग्रहण होत नाही. तो तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो, आणि त्यामुळे त्याचे तेज कमीजास्त होते.

या दुसऱ्या ताऱ्याचे महत्त्व तर जॉनच्या स्वप्नातही आले नसेल. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या विदुषी काम करीत असत. त्यांचीही श्रवणशक्ती तरुणपणापासून क्षीण होत गेली होती. डेल्टा सेफीच्या जातीच्या ताऱ्यांचा त्यांनी छायाचित्रांवरून अभ्यास केला. दक्षिण आकाशातील एका तारकामेघातील अशा २५ ताऱ्यांची तुलना करून त्यांनी १९१२ साली एक नियम सिद्ध केला. ज्या ताऱ्याचा फेरा अधिक दिवसांचा, त्याचे मूळचे तेज अधिक, असा तो नियम होय. याचा उपयोग असा : दूरवर एक दिवा दिसत असला, तर तो जवळचा लहान दिवा आहे की दूरचा मोठा दिवा आहे, हे नुसते पाहून कळत नाही. परंतु दिवा मुळात किती शक्तीचा आहे हे ठाऊक झाले, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. डेल्टा सेफीच्या जातीचा तारा किती दिवसांत फेरा पुरा करतो हे मोजले, की त्याचे मूळचे तेज कळते, आणि त्यावरून अंतर. १९२३ साली एडविन हबल या ज्योतिर्विदाला देवयानी समूहातील तेजोमेघात असाच एक तारा सापडला. त्यावरून तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे असून ती ताऱ्यांची एक स्वतंत्र दीर्घिका आहे, असे निश्चित झाले. विश्वाचा विस्तार मोजणारी काठी अशी मानवाच्या हाती आली. तिच्या मुळाशी यॉर्कमधल्या निरीक्षणवहीतील काही ओळी होत्या.

यॉर्कच्या ट्रेझरर्स हाउसवर आज एक शिलालेख आहे. याच वास्तूच्या एका खिडकीतून जॉन गुडरिक याने अल्गोलचा नियम शोधला आणि विश्वाच्या मोजमापाचा पाया घातला, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. यॉर्कच्या विद्यापीठातील एका महाविद्यालयालाही त्याचे नाव देण्यात आले आहे. एडवर्ड पिगट पुढे बरीच वर्षे जगला आणि आकाशाचे निरीक्षण करीत राहिला. मित्राला पहिला मान मिळू देण्यात त्याने कधी कमीपणा मानला नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात असे औदार्य दुर्मिळ असते.

जॉनचे काम करण्यासाठी लागणारी सामग्री आजही कोणाच्याही आवाक्यातील आहे. डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास ययाती समूह महाराष्ट्रातून डोक्यावर, किंचित उत्तरेकडे दिसतो. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावरून किंवा घराच्या गच्चीवरून अल्गोल ओळखता येतो. तो मंद होऊ लागला, की सुमारे पाच तास त्याचे तेज कमी होत जाते आणि तेवढ्याच वेळात ते पुन्हा भरून येते. त्याच्या शेजारचे दोनतीन तारे निवडावेत, वही-पेन्सिल जवळ ठेवावी आणि रोज रात्री जे दिसेल तेच, वेळेसह, प्रामाणिकपणे लिहावे. पुष्कळ रात्री वहीत नवे असे काहीच लिहावे लागणार नाही. जॉनच्याही वहीत अशाच रात्री अधिक होत्या. त्या रात्रीही तो खिडकीशी उभा राहिला. म्हणूनच २८ डिसेंबरच्या संध्याकाळी अल्गोल मंदावला, तेव्हा त्याचे डोळे त्या ताऱ्यावर होते.